घोडीखालची रेघ

सिद्धोधन दारात उभा राहून "जय भीम, वैनी" म्हणाला तेव्हा सुलाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. जय भीम तिनं घेतला. तो घ्यावाच लागतो, समोरचा कितीका हलकट असेना. पण त्यापुढं "या, बसा" म्हणायला तिची जीभ काही उचलली नाही. नवऱ्याचा वीस वर्षांचा जोडीदार हा, आणि नवरा जाऊन तीन वर्षं झाली तरी या दारात त्याची सावली पडली नव्हती. आज बरी वाट सापडली!

"साक्षी हाय का घरात?" त्यानं विचारलं.

"तिच्याकडं तुमचं काय काम?"

"मीच बोलवलंय काकांना," म्हणत साक्षी आतून बाहेर आली. "या ना काका, आत या."

सुलाबाईनं हातातला लसूण परातीत आपटला. पोटची पोरगी! चोवीस वर्षांची, शिकलेली, कृषी विद्यापीठात कंत्राटी कारकून. आणि बापाच्या वैऱ्याला खुर्ची पुसून देते!

आता वैरी कसला, ते सांगायलाच पाहिजे. सिद्धोधन म्हणजे 'निळी पहाट' गायन पार्टीचा शाहीर. परभणी, पाथरी, जिंतूर, पार चारठाण्यापर्यंत त्याच्या आवाजाचं नाव. त्याच्या उजव्या हाताला कायम उभा असायचा सुलाबाईचा नवरा नागनाथ, गळ्यात गिटार अडकवून. दिवसा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, सांजच्याला गिटारवाला. बाकीच्या पार्ट्यांकडं असायच्या तसली भरीव लाकडाची फळकुटं त्याच्याकडं नव्हती. हैदराबादेतून जुन्या घडणीची गिटार आणली होती त्यानं. रंग डाळिंबी, आतून अख्खी पोकळ, पोटावर दोन बाजूंना एफ अक्षरासारखी कापलेली भोकं, शेपटीशी एक चकचकीत दांडी. ती दांडी हळूच दाबली की सूर थरथरायचा. वाजायची विजेवरच, पण पोट पोकळ म्हणून आवाज असा गोल निघायचा की ऐकणाऱ्याच्या तोंडात बोट जायचं.

पोकळपणाचा एक ताप मात्र होता. मोठे बॉक्स मागं ठेवले की ही गिटार आपलाच आवाज पोटात घ्यायची आणि कोकलायला लागायची. नागनाथ सुलाबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्या भोकांत कोंबायचा. तेवढ्यानं भागायचं. पण पाथरीच्या जयंतीला पोरांनी डीजेचे बॉक्स नेमके त्याच्या पाठीशी लावले. चिंध्या कोंबून तरी काय होणार? "बॉक्स हलवा रे बापांनो" म्हणून त्यानं दहादा हात केले, कुणी ढुंकून बघितलं नाही. गाण्याच्या मध्यावर गिटार अशी किंचाळली की लोकांनी कानावर हात ठेवले. तेव्हा सिद्धोधननं काय करावं? चार हजार लोकांसमोर गिटारीची वायर उपटली आणि माईकवर म्हणाला, "नागनाथ, शिट्ट्याच मारायच्या तर बसस्टँडवर जाऊन मार."

लोक हसले. बायकाही हसल्या. सुलाबाई पुढच्या रांगेत बसलेली होती.

त्या दिवसानंतर नागनाथ स्टेजवर चढला नाही. अडीच वर्षं घरात बसून वाजवलं आणि एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला. डॉक्टर म्हणाले हार्ट. सुलाबाई म्हणते सिद्धोधन. ती हे भाजीवालीलाही सांगते, विहारातल्या बायकांनाही सांगते, आणि घरातल्या साक्षीला तर रोज सांगते. तिचं एकच मागणं होतं. ज्या तोंडानं चार हजारांत नवऱ्याची इज्जत काढली, त्या तोंडानं चार माणसांत तरी म्हणावं की माझं चुकलं. त्याशिवाय ती या माणसाला पाणी देणार नव्हती, आणि आताही दिलं नाही.

सिद्धोधन खुर्चीत टेकला. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तसाच. सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिनाचा कार्यक्रम आहे म्हणाला. शाळेच्या मैदानावर, दुपारी चारला. कुणीतरी जुनं 'माझ्या मायनं सही केली' मोबाईलवर टाकलंय. लोक वेडे झालेत, जो भेटेल तो तेच गाणं मागतो.

"मंग गा की," सुलाबाई ओट्यावरूनच बोलली. "तुमाला कुणी धरलंय? साडेपाच वर्षांत एकदा तरी गायलाव का ते?"

"न्हाई गायलो," तो खाली बघून म्हणाला. "त्या गिटारीबिगर ते गाणं उभं राहत न्हाई, वैनी."

ते खरं होतं. त्या गाण्यात ढोलकी आणि गिटार, तिसरं काही नाही. नागनाथ सुटल्यावर पार्टीत कीबोर्ड आला, पॅड आलं, पण ते गाणं सिद्धोधननं वहीतूनच काढून टाकलं. लाजेनं काढलं असणार, असं सुलाबाई धरून चालली होती. एवढी तरी लाज असायलाच पाहिजे.

"मी वाजवणार हाय आई," साक्षी म्हणाली. "बाबांच्या गिटारीवर. मी हो म्हणलंय."

सुलाबाई पुन्हा लसूण सोलायला लागली. बोलायला लागली असती तर शेजारची सरजाबाई भिंतीला कान लावून उभी राहिली असती.

निघताना सिद्धोधननं पिशवीतून तारांचा नवा जोड काढला. "जुन्या तारा गंजल्या असतील. बदलून घ्या." मग चपला घालता घालता थांबला. "वैनी, तेवढं तारांखालच्या घोडीला हात लागू देऊ नका."

"मला शिकवायलाव व्हय?" सुलाबाई ताडकन उठली. "वीस वर्षं त्या गिटारीच्या तारा कोण बदलत व्हतं? तुमी? का तुमचा डीजेवाला? चला निघा!"

तो निघाला. पण जाता जाता त्यानं कोपऱ्यातल्या गिटारीकडं असं बघितलं की सुलाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. माणूस घाबरलेला होता. घोडीला हात लागू देऊ नका! म्हणजे याचा जीव घोडीत अडकलाय तर.

खरंच तारा तीच बदलायची. ग्रीसनं आणि पान्यांनी नागनाथची बोटं जाड झालेली, बारीक तार त्याच्या चिमटीत यायची नाही. त्यानं बायकोला सगळं शिकवलं. पोटाला भिजलेलं फडकं लावायचं नाही, कोरड्या मऊ कपड्यानं पुसायचं. मे महिन्यात लाकूड वाळून तडकायला नको म्हणून पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी ठेवायची, तिच्यात ओला स्पंज. कूलरसमोर उभी करायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम तारांचा: एक काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मगच दुसरीला हात घालायचा. कारण ज्या लाकडी घोडीवरून तारा जातात, ती घोडी या गिटारीत चिकटवलेली नसते. खाली स्क्रू नाही, सरस नाही. नुसत्या तारांच्या दाबानं उभी. सगळ्या तारा एकदम सोडल्या की घोडी हातात येते, आणि ती नेमकी कुठं उभी होती ते मग शोधत बसा. दोन दाण्यांएवढी इकडची तिकडं झाली तरी वरच्या पडद्यांवरचे सूर बिघडतात.

म्हणून नागनाथनं घोडीच्या पायाशी पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली होती. ते गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड करायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी घोडी चांगली दाणाभर पुढं सरकवताना बघून सुलाबाईनं विचारलं होतं, "अवो, चांगली बसली व्हती की! कामून हलवली?" तर तो हसला होता. "माणूस बघून घोडी बसवावी लागती, सुले. आता हितून हलवायची न्हाई." वीस वर्षं ती त्या रेघेच्या कडेकडेनं फडकं फिरवत आली होती.

मायलेकींचं भांडण दोन दिवस चाललं. भाकरी थापताना चाललं, धुणं वाळत घालताना चाललं.

"त्यानं तुझ्या बापाचा जीव घेतला अन् तू त्याच्या बगलेत उभी राहणार?"

"बाबा गेले आई. गिटार न्हाई गेली. ती काय पेटीत घालून पुरायची का?"

"पुर की! पण त्याला नको."

"बाबांनी कधी एक शब्द तरी काढला का काकांविरुद्ध? कधी?"

हेच तर सुलाबाईला झोंबायचं. अडीच वर्षं घरात बसला, पण सिद्धोधनला कधी शिवी म्हणून दिली नाही मेल्यानं. उलट रेडिओवर पार्टीचं गाणं लागलं की कान देऊन ऐकायचा. सगळ्या शिव्या तिला एकटीला द्याव्या लागल्या.

"तू माझी पोरगी न्हाईस," ती शेवटी म्हणाली.

"बरं," साक्षी म्हणाली आणि स्कूटी काढून ऑफिसला गेली.

पंचवीस तारखेला दुपारी सुलाबाईनं दार लोटून घेतलं. सतरंजी अंथरली, गिटार आडवी ठेवली, मानेखाली उशी दिली. नवा जोड फोडला. पहिली खुंटी सैल केली, तार काढली आणि तिथं नवी चढवायच्या ऐवजी दुसऱ्या खुंटीला हात घातला. मग तिसऱ्या. हात थांबत नव्हते. चौथी, पाचवी. सहावी सुटली तशी घोडी कुशीवर कलंडली.

ती तिनं उचलून बाजूला ठेवली. खाली पोटावर, जिथं वीस वर्षं फडकं गेलं नव्हतं, तिथं डाळिंबी रंग अजून ताजा होता. त्याच्या कडेला रेघ. बारीक, सरळ, मेकॅनिकच्या हातची.

"घोडीला हात लागू देऊ नका म्हणतो," ती मोठ्यानं बोलली. "आता गा म्हणावं. गा चार लोकांत, अन् व्हऊ दे तुझी बी फजिती."

तिनं बोट तोंडात घातलं, थुंकी लावली आणि रेघ पुसली. एकाच फटक्यात गेली. बोटाला काळं लागलं, ते तिनं पदराला पुसलं. मग नव्या तारा चढवल्या, घोडी कुठंतरी अंदाजानं उभी केली आणि गिटार कोपऱ्यात ठेवून दिली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट लय दिवसांनी भूक लागली.

साक्षी सहाला आली. गिटार उचलून दोन सूर वाजवले आणि तिचं तोंडच उतरलं.

"घोडी हलवलीस?"

"हलली. तारा काढताना."

"एकदम काढल्यास? तू?" साक्षीनं गिटार उजेडात धरून खाली बघितलं. "आई, रेघ कुठंय?"

"मला काय म्हाईत."

साक्षीला कळायचं ते कळलं. सुलाबाईला वाटलं आता पोरगी आदळआपट करेल, रडेल, सिद्धोधनला फोन लावून नाही म्हणेल. तर या पोरीनं पलंगावर मांडी घातली, मोबाईल समोर ठेवला आणि त्यात सूर मोजायचा एक काटा हलायला लागला. तार वाजवायची, काटा बघायची. मधल्या पडद्यावर बोट ठेवून पुन्हा वाजवायची, पुन्हा काटा. घोडी जराशी मागं, आणखी जराशी मागं. दहा मिनिटं लागली नाहीत.

"झालं," ती म्हणाली. "आता एकदम परफेक्ट. बाबांची रेघ चुकीचीच व्हती. वरचे सूर चढे लागायचे. मी त्यांना किती वेळा म्हणलं, तर नुसतं हसायचे."

सुलाबाईचा डाव असा दहा मिनिटांत धुळीला मिळाला. मोबाईलपुढं तिची थुंकी फुकट गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

सव्वीसला ती कार्यक्रमाला गेली ती केवळ हट्टानं. पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली, अगदी पाथरीला बसली होती तशी. मैदान भरलेलं. पोरीनं आधीच जाऊन बॉक्स पुढं ओढून घेतले होते, त्यामुळं गिटार कोकलायचा प्रश्न नव्हता. उद्देशिका वाचून झाली, भाषणं झाली. सिद्धोधननं दोन गाणी कीबोर्डवर म्हटली आणि मग लोकच ओरडायला लागले, "सही! सही!"

ढोलकी सुरू झाली. साक्षीनं पहिला तुकडा वाजवला आणि सगळं मैदान गप्प झालं. तोच गोल आवाज. दांडी दाबून सूर हलवायची ढब सुद्धा बापाची. सुलाबाईनं दोन्ही मुठी आवळून धरल्या. पोरीचं कौतुक वाटत होतं आणि त्या कौतुकाचाही तिला राग येत होता.

सिद्धोधननं मुखडा उचलला. खालच्या पट्टीत ठीक होतं. मग ती ओळ आली, जिथं म्हातारी माय अंगठा पुसून पाटीवर नाव काढते आणि गाणारा 'सही' या शब्दावर वर चढतो, आणि गिटार त्याच्या जोडीनं वर जाते. तिथं काहीतरी फाटलं. त्याचा सूर गिटारीच्या डोक्यावरून गेला. थोडाच गेला, पण मैदानातल्या शेवटच्या माणसालाही कळला.

मागं कुणीतरी हसलं. सिद्धोधननं पुन्हा तीच ओळ घेतली. पुन्हा तेच. ढोलकीवाल्या चंद्रभाननं मान वर करून बघितलं.

"बेसुरा झालाय शाहीर," सुलाबाईच्या मागची बाई बोलली. "वय झालं."

सुलाबाईच्या अंगातून गरम लाट गेली. लागला! डाव लागला! कसा ते तिला कळलं नाही, पण लागला. साडेपाच वर्षांनी लोक त्याला हसत होते, नागनाथला हसले होते तसेच.

सिद्धोधननं हात वर करून ढोलकी थांबवली. माईक तोंडासमोरच होता.

"साक्षी, घोडी कुठं बसवलीस?"

"बरोबर जागेवर, काका. मोबाईलवर बघून."

"बापाच्या रेघंवर न्हाई?"

"रेघ पुसली गेली. अन् ती चुकीची व्हती, काका."

"रेघ न्हाई गं चुकीची," तो म्हणाला. "मी चुकतो."

मैदानात चुळबुळ झाली. सिद्धोधननं माईक काढून हातात घेतला.

"मंडळी, आता हसलाव, ते बरोबर हसलाव. वरच्या सुराला माझा आवाज चढतो. आज न्हाई, पहिल्यापासून. हे गाणं रेकॉर्ड करायचं व्हतं तवा मी रडकुंडीला आलो व्हतो. नागनाथनं मला एका शब्दानं हिणवलं न्हाई. घरी गेला, घोडी पुढं सरकवली अन् आपली गिटार माझ्यासंगं चढवून आणली. म्हणला, सिद्ध्या, दोघं संगं चुकलो की लोकांला बरोबर वाटतं. वीस वर्षं माझ्यासाठी तो माणूस चुकीचं वाजवत राहिला."

त्यानं तोंड पुसलं.

"अन् मी पाथरीला चार हजार लोकांत त्याची वायर उपटली. बॉक्सचा दोष व्हता, त्याचा न्हाई. मला म्हाईत व्हतं. त्याच्या मयताला मागं उभा राहिलो, पुढं यायची हिंमत झाली न्हाई. माझं चुकलं. वैनी, तुमच्यासमोर म्हणतो, माझं चुकलं."

हेच शब्द. एवढ्यासाठीच तर ती जगली होती. हे शब्द ऐकले की उठायचं, थू करून तोंडावर थुंकायचं आणि निघून जायचं, असं तिनं किती वेळा मनात घोळवलं होतं. पण ती उठली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं.

"वैनी," सिद्धोधन स्टेजच्या काठाशी आला. "तारा तुमी बदलायच्याव. त्याची जागा तुमाला म्हाईत हाय. पोरीला दाखवा. मी परत गातो. एकदा त्याच्यासंगं गातो."

सगळं मैदान तिच्याकडं बघायला लागलं.

"पुसली," सुलाबाई म्हणाली. "मी पुसली. थुंकी लावून पुसली. तुमची फजिती व्हावी म्हणून."

सिद्धोधनच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती वाट बघत होती. राग आला असता तर बरं झालं असतं.

साक्षीच स्टेजवरून खाली उतरली. आईसमोर खुर्चीवर बसली, मांडीवर गिटार आडवी घेतली, तारा जरा ढिल्या केल्या आणि घोडी दोन बोटांत धरून पुढं सरकवली.

"हितं का, आई?"

सुलाबाईनं बघितलं. डाळिंबी पोट लखलखीत पुसलेलं होतं. तिनंच पुसलेलं. कुठंच काही खूण नव्हती.

"का हितं?" साक्षीनं घोडी आणखी जराशी सरकवली, तार छेडली. "अशी व्हती का? नीट ऐक. का आणखी पुढं?"

वीस वर्षं हे गाणं सुलाबाईनं ऐकलं होतं. भाकरी थापताना, चूल सारवताना, त्याच्या घामानं ओल्या शर्टाची वाट बघताना. तिनं डोळे मिटले आणि कान दिला. पोरीनं पुन्हा तार छेडली. मग घोडी हलवून पुन्हा. सगळे सूर तिला सारखेच वाटायला लागले.

"मला न्हाई सांगता येत, गं," ती म्हणाली.